मागचा लाल दिवा

डिसेंबर १९७१, जबलपूर. संध्याकाळ.

ब्लॅकआउटसाठी मोटारींचे पुढचे दिवे अर्धे काळे रंगवून द्यायचे आणि कॉलेजातल्या आमच्या वर्कशॉपच्या नव्या जॅकसाठी वर्गणी मागायची, ही कल्पना माझीच. आज शेजारच्या डॉक्टरकाकांची गाडी रंगवली. घाईत मागचा लाल दिवाही पुरता काळा केला! काका "शाबास" म्हणाले, डब्यात नोट टाकली आणि बाबांना आणायला फॅक्टरीकडे गेले. मला घरी आल्यावर आठवलं. त्या रस्त्यावर मिलिटरीचे ट्रक अंधारातच धावतात. मागून कोणाला दिसणार ही गाडी?

आई विचारते, "आत-बाहेर काहून करून राहिला रे?" मी पुन्हा फाटकाशी जातो.

फाटकापुढून मोटार गेली की मागचा दिवा बघतो. लाल दिसला की हायसं वाटतं. आणि लगेच कळतं, ही काकांची नव्हे.