आठ दिवसांची गोळी

७ जुलै, सोमवार
फार उशीर झाला, वहीबाई, माफ कर. जानेवारीत तुला आणलं, पहिलं पान आज. पण आज लिहिण्यासारखं घडलं. फार्मसी कॉलेजच्या हेमकांत सरांनी बोलावलं. डिग्रीच्या पोरांना पेशंटशी बोलायला शिकवायचं आहे, त्यासाठी खोटा पेशंट हवा. मी आठवी नापास, पण शहाद्यात मेडिकलच्या काउंटरवर अडतीस वर्षं काढली. म्हणजे खरा मास्तर मीच.
ठराव : पोरांना सांगायचं, दोन शब्दांत उरका. गिऱ्हाईक खोळंबतं.
सून रुपा म्हणाली, "आबा, पोरेस्ले काय शिकाडशात? सोतानी बीपीनी गोळी तं रोज भुलतस." दुर्लक्ष केलं.

१४ जुलै, सोमवार
शिरीन नावाची मुलगी माझी फार्मासिस्ट. जेवता कधी, चष्मा आहे का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. बारा मिनिटं! तेवढ्यात मी सहा गिऱ्हाइकं वाटेला लावली असती. तसं सांगितलं. सर म्हणाले, भिलाआप्पा, तुम्ही आता पेशंट आहात.
पुढची केस संधिवाताच्या पिवळ्या गोळीची. आठवड्यातून एकदाच घ्यायची. मी म्हणालो, सोपं आहे, 'आठ दिवसांची गोळी' म्हणायचं. शिरीन म्हणाली, "आजोबा, पेशंट आठ दिवस रोज खाईल ना!" पोरं हसली. मीही हसलो.
घरी जेवण गेलं नाही. कॅन्टीनचा वडा बाधला असावा.

१५ जुलै
प्रकाशा गावच्या निर्मलाबाई. दोन वर्षांपूर्वी. तीच पिवळी गोळी, माझे तेच शब्द. "आठ दिन? बरं भाऊ," म्हणाल्या. मी पट्टी दिली आणि पुढच्याची चिठ्ठी घेतली.
समजल्या असतील. शहाणी बाई.

२१ जुलै, सोमवार
सरांनी फळ्यावर लिहिलं : ही गोळी रोज घेतली तर तोंड येतं. जीवही जाऊ शकतो.
निर्मलाबाईंचा मुलगा भूपेश दहाव्या दिवशी आला होता. "मायनं तोंड येल शे." मी लावायला जेल दिलं. विचारलं काहीच नाही. मे महिना होता, उन्हानंही तोंड येतं. पुढे त्या दुकानात आल्या नाहीत. प्रकाश्यात नवं मेडिकल निघालं असेल.
ठराव : उद्या जाऊन विचारायचं. पक्कं.

२२ जुलै
गुडघा.

२३ जुलै
एसटीला गर्दी.

२४ जुलै
अमावस्या. अशा दिवशी कुणाच्या दारात असलं विचारू नये.

२६ जुलै
हल्ली कुणीही "बरं भाऊ" म्हणालं की मागे वळून बघतो. आज भाजीवाली म्हणाली. कोथिंबीर तिथेच विसरलो.

२८ जुलै, सोमवार
शिरीनची परीक्षा. तिने नीट सांगितलं, फक्त रविवारी एक, बाकी दिवस नाही. मग म्हणाली, आजोबा, आता तुम्ही सांगा, कशी घ्याल?
मी तोंड उघडलं आणि वेगळाच आवाज निघाला. "आठ दिन, रोज एक. बरं भाऊ."
शिरीनने माझा हात धरला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कॅलेंडरवर रविवारांना गोल केले, माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, आप्पा, काय अ‍ॅक्टिंग! मी पाणी मागितलं.
तिला किती वेळ लागला, घड्याळात पाहिलं. चार मिनिटं.

३० जुलै
प्रकाश्याला गेलो. एसटीत वाक्य पाठ केलं : मी मेडिकलवाला भिला, माझ्याकडून सांगण्यात चूक झाली, बाई कशा आहेत?
दारात निर्मलाबाईंची सून आली. "कोनं घर धुंडी ऱ्हायनात, बाबा?"
"पत्ता चुकना," म्हणालो आणि परत फिरलो.
पण अंगणात दोरीवर नऊवारी लुगडं वाळत होतं. सून पंजाबी ड्रेसमध्ये होती. म्हणजे आहेत. नक्की आहेत.
शेजारच्या म्हातारीचंही असू शकतं.
निर्मलाबाई, लुगडं तुमचंच असेल तर कुणाच्याही हाती निरोप धाडा. शिव्या धाडल्यात तरी चालेल. पण लवकर धाडा.