वार्सिदीच्या तोंडून 'भला होता' वदवू नये

मी, रस्मान बिन तार्जो, वय चौऱ्याहत्तर, राहणार पकालोंगान, धंदा ट्रकवाहतूक व ट्रकचा माग ठेवणारी यंत्रणा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. मला कोणी लिहायला बसवलेलं नाही. उलट इमामसाहेब नकोच म्हणत होते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात नुसती मालमत्ता होती.

कलम १. जनाजा उचलण्यापूर्वी इमाम जमलेल्यांना विचारतात, "माणूस कसा होता?" आणि सगळे एका सुरात म्हणतात, "भला होता." माझ्या वेळी वार्सिदी ड्रायव्हरकडून हे उत्तर कोणी वदवून घेऊ नये. मृत्युपत्र मुख्यतः याचसाठी आहे.

कलम २. घर, भातशेती व कंपनीतले समभाग शरियतीप्रमाणे वारसांना ज्याच्या त्याच्या वाट्याने मिळावेत. शरियत एक तृतीयांश हिस्सा माझ्या मर्जीवर सोडते. त्यातून ग्रिंगसिंगच्या चढाखाली ड्रायव्हरांना पाठ टेकायला पडवी व न्हाणीघर बांधावं. पाटीवर माझं नाव नको.

कलम ३. सोल्डर गन मेहुणा जुनेदीकडे आहे. "उद्या आणून देतो" म्हणून नेली, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. आता त्यालाच दिली. तिनेच मी जुन्या मोबाईलचे सुटे भाग जोडून पहिली पेटी बनवली. ट्रक कुठे आहे, किती वेळ थांबला, ते घरबसल्या पडद्यावर दिसू लागलं. व्यापारी खूश झाले, आणि कंपनी उभी राहिली.

कलम ४. पहिला ट्रक विकू नये. त्याच्या मागच्या फळीवर, शाळेत घोकलेल्या पदांच्या चालीवर मी रचलेल्या ओळी आहेत:

होडी गेली भरतीसंगे,
शिंपल्यांचा थर काठी;
भात झाकून ठेव, आई गे,
दूर गेल्या लेकासाठी.

रंगाऱ्याने त्या उतरवल्या तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पुढे डोळे भरून आलेल्या याच माणसाने, म्हणजे मी, नियम केला: वाटेत विनाकारण थांबणारा ट्रक पडद्यावर लाल होईल, तीन लाल झाले, की चांगल्या फेऱ्या बंद.

कलम ५. वार्सिदीची आई जुमीराह आलास रोबानच्या जंगलात, हमरस्त्यालगत एकटी राही. दर फेरीला तो उतरून तिच्या हातचं दोन घास खाई. नियमाच्या बैठकीत तो उभा राहिला. "कांग, आईपाशी पाव तास. तेवढं लाल करू नका."

मी म्हणालो, "तुला सूट दिली तर उद्या सगळ्यांच्या आया हमरस्त्यावर राहायला येतील!"

सगळे हसले. तोही हसला. विनोद साधला म्हणून मी तो घरी रुकायाहला सांगितला. माझी बायको एरवी लगेच हसते. तेव्हा हसली नाही.

पुढे तो न थांबता नुसता हॉर्न वाजवी. म्हातारी दारात येऊन हात हलवी. एका फेरीला ती आली नाही. पाय दुखत असतील, असं म्हणून तो पुढे गेला. दोन लाल आधीच होते. परतताना अंगणात खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. माती होऊन गेली होती. शेजारीण म्हणाली, "हॉर्न ऐकला रे तिने. उठायला बघत होती."

तो भांडला नाही, नोकरीही सोडली नाही. पूर्वी मला 'कांग', थोरला भाऊ, म्हणे. तेव्हापासून 'साहेब' म्हणतो.

ईदेला आम्ही "शून्य-शून्य" म्हणून एकमेकांच्या चुका पुसतो. धाकट्याने थोरल्याकडे जायचं, ही रीत. यंदा मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "वार्सिदी, शून्य-शून्य?"

तो म्हणाला, "साहेब, केतुपात गरम आहे. खाऊन जा."

त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. "अहो, म्हणा की! सणाचे आलेत ते."

"तू वाढ," तो म्हणाला.

मी खाल्लं. नारळीच्या पानांच्या पुडीत शिजवलेला तो सणाचा भात, ताटात एक शीतही ठेवलं नाही.

कलम ६. वार्सिदीच्या नावे मी काहीही ठेवत नाही. हात शिवशिवतो, पण ते उत्तर विकत घेतल्यासारखं होईल. रुकायाह, मागाहून तूही गुपचूप पाठवू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

कलम ७. यापुढे प्रत्येक ड्रायव्हरला वाटेत आपल्या पसंतीचा एक थांबा. त्याबद्दल पेटीने विचारायचं नाही. परवा त्या कागदावर सही केली. मुलगी नुर्लैला म्हणाली, "बाबा, या एका सहीला इतकी वर्षं?" व्यापारी जातील ही भीती होती. एकही गेला नाही. नुर, हे बंद करू नकोस. ही अट नव्हे. अटी घालून मी पुष्कळ बिघडवलं आहे.

कलम ८. हे वाचून इमामसाहेब म्हणाले, "अरे रस्मान, उत्तर ठरलेलंच असतं. कोंबडीचोरालाही आपण भला म्हणून पोचवतो!" म्हणून तर लिहितो आहे, इमामसाहेब. प्रश्न एकदाच विचारावा. वार्सिदी आला तर त्याला पुढे बोलावू नये, त्याच्या तोंडाकडे कोणी बघू नये. तो गप्प राहिला तर त्याचं गप्प राहणं खरं मानून मला उचलावं. आणि मी जाईन तेव्हा तो फेरीवर असेल, तर त्याला निरोप धाडू नये. माझ्यासाठी त्याने ट्रक थांबवू नये.

वाचून, समजून सही केली.
रस्मान बिन तार्जो

साक्षीदार:
१. हाजी मश्हुरी, इमाम (मनाविरुद्ध, पण सही माझी)
२. सुलास्त्री, शेजारीण, निवृत्त शिक्षिका

पकालोंगान, १९ शव्वाल १४४६, म्हणजे १८ एप्रिल २०२५