माळ्यावरचा तंबू

समरजितची आई,

म्हशीची धार काढलीय, दूध झाकून ठेवलंय.

कॉलेजची पोरं आल्ती. यंदाबी जंगलात ट्रेकला निघाल्यात. "काका, समरदादाचा तंबू मिळंल काय?" म्हणाली. माळ्यावरनं काढून दिला. तू नको म्हणाली असतीस, म्हणून तुझी वाट बघितली न्हाय. दर रविवारी तू त्याच्यासाठी भडंग करतीस आणि कुणी खात न्हाय. तो डबाबी दिला.

मीबी त्यांच्यासंगं चाललोय. परवा सांजंला येतो. तिकडं रेंज नसती, फोन लावत बसू नको.

जंगलात पोरं एकामागं एक चालत्यात. शेवटाला मी राहणार हाय. गेल्या वर्षी शेवटाला आपला समरजित होता. त्याच्या मागं कुणीच न्हवतं, म्हणून तो कुठं राहिला ते कुणाला कळलं न्हाय.

जेवून घे.