ओला पोशाख

प्रिय शितील,

बाबा गेल्यापासून तू चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा मी तो मामाच्या हातात दिला. रागावू नकोस, लेका. तुझा आवाज ऐकला असता तर रडू आवरलं नसतं, आणि आपल्यात मेलेल्यासाठी रडायचं नसतं; त्याच्या वाटेत त्या आसवांची नदी होते म्हणतात. एकदाच रडले, न्हाणीघरात नळ सोडून. पोहता येत होतं त्यांना, तेवढं चालेल.

दुकानातल्या भिंतीवरचे बड्या लोकांसोबतचे बाबांचे फोटो तुला आठवत असतील. बगदादहून कोणी बडा पाहुणा आला, की भेट द्यायला गव्हर्नरसाहेबांना चांदीची डबी हवी असायची ती तुझ्या बाबांच्याच हातची. अमारा शहरातली निम्मी लग्नं आपल्या अंगठ्यांवर लागली. 'आपण मूठभर सुब्बी, ना मुसलमान ना ख्रिस्ती, पण आपल्यावाचून यांचं शुभकार्य होत नाही. आपल्याला कोण हाकलतंय?' असं मलाच ऐकवायचे. मग दाराखालून चिठ्ठी आली, धर्म बदला नाहीतर चालते व्हा. ते हसले, पण दुसऱ्या दिवसापासून शर्टाच्या आत पांढरा पोशाख घालून दुकानात जाऊ लागले. मरताना, श्वास आहे तोवर, नदीचं पाणी आणि तो पोशाख अंगावर पडला नाही, तर आपल्या माणसाचा जीव भटकत राहतो. जुलैचा उन्हाळा, त्यात दोन-दोन कपडे. मी म्हणायची, गोळीआधी घामानेच मराल.

मंगळवारी तो पोशाख मी धुवायला घेतला. घामाचा वास येत होता, दुसरं काही नाही. 'राहू दे गं आजच्या दिवस,' म्हणाले होते. मी ऐकलं नाही.

दुपारी मी डबा घेऊन मागच्या दाराने शिरले तेव्हा दोन बंदूकवाले आत होते. एकाच्या बोटात आपल्याच दुकानातली अंगठी होती. त्याने बंदुकीच्या दस्त्याने फोटो फोडले, बाबांना त्या काचांवर गुडघे टेकायला लावलं आणि पोटात तीन गोळ्या घातल्या. मग दोघे चालतच निघून गेले, अख्खा बाजार बघत होता.

शेजारच्या अबू फलाहने टॅक्सी दाराला लावली. 'वहिनी, पाय धरा. दहा मिनिटांत इस्पितळ.' बाबांनी माझं मनगट पकडलं आणि स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. मी अबू फलाहला थांब म्हटलं. मागच्या गल्लीतून घरी धावले, दोरीवरचा ओला पोशाख ओढला, नदीच्या पाण्याची कळशी घेतली आणि परत येऊन ती त्यांच्या अंगावर ओतली. 'वेड लागलंय का, वहिनी, माणूस जिवंत आहे,' तो ओरडत होता. मग तोच रडत रडत त्यांचे हात बाह्यांत घालू लागला. रक्त थांबेना. कंबरपट्ट्याची गाठ मारली आणि ते गेले.

जागेवरच गेले, असं सगळ्यांनी तुला सांगितलं. मीच सांगायला लावलं होतं. वीस मिनिटं ते जिवंत होते, शितील, आणि गाडी दारात चालू होती. तिकडच्या इस्पितळात तू रोज अशी फाटलेली पोटं शिवतोस. ते वाचले असते का, ते मला लिहून कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझीच,
आई