आमच्या घरचा तपासलेला काटा

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगं जमिनीला टेकायला हवीत. माझ्या बाबतीत हल्ली नववंच आधी टेकतं आणि बाकीची अधांतरी वाट बघत राहतात. तेव्हा हा नमस्कार कागदावरच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला की त्यांनी डॉक्टर बदलला? इकडे आम्ही दोघंही सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. त्यातलं अर्धं खोटं आहे, आणि ते खोटं मीच केलेलं आहे. फोन का नाही केला म्हणून रागावू नकोस. फोनवर तू मध्येमध्ये 'बरं, पुढे?' म्हणतेस, आणि मला नेमकं पुढचंच बोलता येत नाही.

आकडे आधी सांगून टाकतो. पाच वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या दिवशी मी एकशे अडतीस किलो होतो. दीड वर्षाने एकोणऐंशी. आज एकशे पाच. डॉक्टरांनी पोट कापून केळ्याएवढं केलं, पण तोंड होतं तेवढंच ठेवलं. एका वेळी जास्त जात नाही, हे अगदी खरं आहे. म्हणून मी वेळाच वाढवल्या. तुला माझी नोकरी माहीत आहे. वजनमापे निरीक्षक दुकानात शिरला की दुकानदार आधी खुर्ची पुढे करतो, मग चहा, मग बिस्किटं, आणि काटा सगळ्यात शेवटी. दिवसाला आठ दुकानं. सुरुवातीला मी नुसता चहा घ्यायचो. मग चहात बुडवून अर्धं बिस्किट. बुडवलेलं बिस्किट केळ्याएवढ्या पोटातही कुरकुर न करता उतरतं, हा शोध मला चौथ्या वर्षी लागला. तो लागला नसता तर बरं झालं असतं.

आणि लोक! जाड होतो तेव्हा सल्ला द्यायचे. बारीक झालो तेव्हा मागायला लागले. आता पुन्हा द्यायला लागलेत, पण पहिल्यापेक्षा जास्त आनंदाने. आमच्या जिन्यातले निवृत्त मास्तर परवा म्हणाले, "तब्येत सुधारली हो तुमची!" आणि माझ्या पोटाकडे असं बघून हसले, जणू त्यातला काही वाटा त्यांचाही आहे. मोठ्या दवाखान्यात दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. मी दोन वर्षं गेलेलो नाही. कारण तिथे दारातच माझे दोन फोटो लावलेत, आधीचा आणि नंतरचा. नंतरच्यात मी माझ्या जुन्या पँटच्या एका पायात अख्खा उभा आहे आणि दात काढतोय. आता गेलो तर काउंटरवरची बाई एकदा फोटोकडे बघणार, एकदा माझ्याकडे, आणि दोन्ही फोटोंच्या खालचे 'आधी' आणि 'नंतर' अदलाबदल झाले की काय ते तपासणार. त्या हसणाऱ्या माणसाचा मला जेवढा राग येतो, तेवढा मास्तरांचाही येत नाही.

पण हे सगळं हिच्यापुढे कसं बोलू? ऑपरेशननंतरचे दोन महिने तू पाहिले नाहीस. औषधाच्या झाकणाने मोजून, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, असं पाणी हिने मला पाजलंय. डाळीचं पाणी तीनदा गाळून द्यायची. स्वतः स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायची, मला दिसू नये म्हणून. त्या माणसाला काय सांगायचं, की तुझ्या त्या झाकणांचं मी बिस्किटांत विसर्जन केलं? वजन शहाण्णववर आलं तेव्हा मी हिला शब्द दिला, याच्या पुढे एक किलो जाणार नाही. आणि ताई, मी शब्द पाळला. काट्यावर पाळला.

आमचा काटा जुन्या पद्धतीचा, स्प्रिंगचा, तबकडीवर काटा फिरणारा. शून्याचं चाक फिरवणं हे नवशिक्याचं काम. रिकामा काटा उणे दाखवतो आणि चोर जागच्या जागी सापडतो. मी मागचं झाकण काढून आतला स्क्रू फिरवला. शून्य जिथल्या तिथे, माणूस चढला की मात्र कमी. ही विद्या मी एका भंगारवाल्याकडून शिकलो. (किराणावाल्याचा खोटा काटा जास्त दाखवतो, कारण तो विकतो. भंगारवाल्याचा कमी दाखवतो, कारण तो विकत घेतो. तेवीस वर्षांच्या नोकरीत एवढं ज्ञान पदरात पडलं.) त्याला मी त्याच आठवड्यात पकडलं होतं. तो म्हणाला, "साहेब, मुद्दाम नाही केलं, आपोआप ढिला झाला असेल." मी अहवालात लिहिलं, 'स्क्रू आपोआप ढिले होतात, पण दर वेळी मालकाच्या फायद्याचे होत नाहीत.' हे वाक्य आमच्या साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते बैठकीत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. त्या रविवारी ही भाजी आणायला गेली आणि मी स्क्रू अर्धा आटा फिरवला. मग पुढच्या रविवारी पाव. माझं वजन वाढेल तसा स्क्रू. चार महिने मी शहाण्णव किलोचा सच्चा माणूस होतो.

आता गाढवपणा ऐक. घरात काटा एक आणि माणसं दोन, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ही पण रविवारी काट्यावर उभी राहते. बासष्टची ही साठ झाली, मग अठ्ठावन्न, मग सत्तावन्नच्याही खाली. खाणं तेच, काम तेच, आणि वजन आपलं उतरतंय. हिची आई अशीच वाळत वाळत गेली होती, आठवतं ना? हिने मला एका शब्दाने सांगितलं नाही. नुसती बदलली. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, 'मीठ', 'साखर', 'हे मीठ नाही'. गॅस कसा बंद करायचा, वॉशिंग मशीन कुठून उघडतं, मोठ्या कुलपाची किल्ली कुठे असते, हे मला समोर बसवून शिकवायला लागली. मला वाटलं, माझा कंटाळा आला असेल, माहेरी जायचा बेत असेल. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बिस्किटांवरून बोलणं बंद झालं. एका संध्याकाळी स्वतः पुडा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "खा हो. काय खायचंय ते खा." मला वाटलं, जिंकलो. इतक्या वर्षांनी बायकोने आहे तसं पदरात घेतलं. त्या आनंदात मी दोन जास्त खाल्ली. ती मरायची तयारी करत होती, ताई, आणि मी त्यावर बिस्किटं खात होतो. मला माझी लाज वाटते. असं साधं वाक्य मी बऱ्याच वर्षांत लिहिलेलं नाही.

गेल्या मंगळवारी ही म्हणाली, "कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा काटा एकदा तपासून या. पाच किलो जास्त दाखवतो. लोकांच्या जिवाशी खेळ आहे." मी प्रमाण वजनं रिक्षात घालून रुबाबात गेलो. वीस ठेवलं, वीस दाखवलं. चाळीस, चाळीस. साठ, साठ. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मी शिक्का काढणार एवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमच्या मिसेसचं वजन इथे बासष्टच भरलं. मी म्हटलं, घरचा काटा चुकत असेल. तर मलाच म्हणाल्या, 'आमच्या घरचा काटा ह्यांनी स्वतः तपासलेला आहे, खोट तुमच्यात असेल.' आता निरीक्षकांच्या बायकोपुढे मी काय बोलणार? सगळ्या तपासण्या लिहून दिल्या." रक्ताच्या झाल्या, सोनोग्राफी झाली, सगळं ठणठणीत. काहीच सापडेना म्हणून ही आणखी घाबरली आहे. येत्या सोमवारी घशातून नळी घालून हिचं पोट आतून बघणार आहेत. पोट माझं, नळी हिच्या घशात.

घरी आलो तर ही दारातच उभी. "सापडली खोट?" मी काय म्हणालो असेन? "अहवाल यायचा आहे." तेवीस वर्षं लोकांना दिलेलं उत्तर घरी आणून दिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात हिने माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाचं खरं मानलेलं नाही, आणि त्याची परतफेड मी अशी केली. स्क्रू जागेवर आणावा म्हणून दोनदा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. पण आणला तर हिचे पाच किलो एका दिवसात परत येणार आणि माझे नऊ. ही गणितात कच्ची नाही. स्क्रूड्रायव्हर परत ठेवला आणि तुला लिहायला बसलो. वाईट सवयी पुष्कळ आहेत मला, पण सगळ्यात जुनी ही, की काही मोडलं की तुझ्याकडे यायचं. भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा,
ढोल्या (मधली दोन वर्षं सोडून)

ता.क. : एक छोटीशी विनंती होती, म्हणूनच खरं तर लिहायला घेतलं. तू रविवारपर्यंत ये. आणि हिला असं सांग की मागच्या सुट्टीत तू आली होतीस तेव्हा आमचा काटा तुझ्या हातून पडला, आणि तू घाबरून गुपचूप जागेवर ठेवलास. तू वडीलधारी, वन्सं, तुला ही एक शब्द बोलणार नाही. काटा बिघडला तो तुझ्यामुळे, हिची तब्येत ठीक, नळी रद्द, आणि माझ्या वजनाचा प्रश्नच निघत नाही, कारण बिघडलेल्या काट्याने काय दाखवलं याला कायद्यात अर्थ नाही. लहानपणी मी कपाटाची काच फोडली तेव्हा तू अंगावर घेतलं होतंस. हे तर त्याहून सोपं आहे.

ता.क. २ : पत्र वाचल्यावर फाडून टाक. इकडची काळजी नको, ही माझ्या कागदांना हात लावत नाही.

ता.क. ३ : वन्सं, नमस्कार. अक्षरावरून ओळखलंच असेल. ह्यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले. आजपर्यंत खरंच कधी हात लावला नव्हता. बाहेर नुसतं तुमचं नाव बघून वाटलं, माझ्या आजारपणाचं ह्यांना कळलं असेल आणि तुम्हाला बोलावत असतील. म्हणून उघडलं.

ह्यांचं वजन वाढतंय हे मला दिसत होतं. पँटची बटणं मीच दोनदा सरकवली. काटा शहाण्णव म्हणत होता आणि बटण लागत नव्हतं, तरी मी काट्यालाच खरं मानलं. म्हटलं, कापड आटलं असेल. चार महिने सकाळी जाग आली की पहिला विचार हाच यायचा की माझ्यामागे ह्यांचं कसं होणार. वजन परत आलं त्याचं मला काही वाटलं नसतं. माणसाचं आहे, येतं. दोघं मिळून पुन्हा दवाखान्यात गेलो असतो. नुसतं सांगायचं होतं.

सोमवारची माझी नळी मी रद्द केली आहे. त्याच वेळेला मोठ्या दवाखान्यात ह्यांचं नाव घातलंय. मी बरोबर जाणार आहे आणि त्या फोटोसमोरच बसणार आहे.

तुम्ही दोष अंगावर घ्यायला येऊ नका. पण रविवारी या मात्र नक्की. ह्यांच्याशी बोलायला घरात कुणीतरी लागेल. मी इतक्यात बोलणार नाही.