पिंपाचा वास

प्रिय सेंदीवहिनी,

पाकिटावर माझं नाव दिसलं की तू हे पत्र चुलीत घालणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. खुशाल घाल, पण आधी वाच. पत्ता रागाईनं दिला. आपला होडीवाला रागाई गं, तो आता लाकडाचे ओंडके घेऊन बिंतुलूला तुमच्या प्लायवूडच्या कारखान्यापर्यंत येतो. तो सांगत होता, सेंदी पार वाळून गेली आहे, कुणाशी दोन शब्द बोलत नाही, अंगावर अजून सुतकाचं काळंच. आणि तिथं लुयांग नावाचा एक भला माणूस तुला विचारून विचारून थकला म्हणे, तरी तुझं उत्तर एकच, 'मी अजून बांधलेली आहे.' ऐकून मला रडू आलं. मग राग आला. तुझा नाही गं, आमचा.

आई गेली. मिरी वाळत घालायच्या दिवसांत गेली, पडवीत चटईवर निजली ती उठलीच नाही. मी खूप रडले, खोटं कशाला सांगू, कशीही असली तरी आई होती. आता या लांबघराच्या ओळीतल्या आपल्या कुटुंबाच्या खोलीत मोठी मीच, म्हणजे चूल माझी, तांदळाची कणगी माझी, आणि आईच्या उशाची ती वेताची पेटीही माझी. त्या पेटीत काय आहे ते तुला मी सांगायला नको. जांतिंगदादाचा कमरेचा पट्टा आणि तुझी अंगठी. नवरा मेलेल्या बाईला त्याच्या खोलीतल्या मोठ्या बाईनं या दोन वस्तू चारचौघांत परत केल्याशिवाय ती सुटत नाही, आणि न सुटता दुसऱ्याचा हात धरला तर मेलेल्याशी व्यभिचार केला म्हणतात. मी आईच्या किती विनवण्या केल्या! 'अगं, सोड तिला, पोरीचं वय काय!' म्हणायची, 'माझ्या पोराला विष पाजलं तिनं, राहू दे तशीच.' असं म्हणून पेटीवर हात ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

तू आमच्या लांबघरात नवी आलीस ते मला अजून आठवतं. आल्या आल्या आईनं तुला तो जुना रांजण धुवायला लावला, पणजीच्या वेळचा, पोटावर सापासारखा ड्रॅगन असलेला. मी म्हटलं होतं, आता नव्या वहिनीची चांगली जिरणार! साबण नाही, लिंबाला हात लावलेला नको, मनात कुणाबद्दल वाकडं नको. आधी राख, मग नदीची वाळू, मग गवती चहा घालून उकळलेलं पाणी, मग धुरावर पालथा, मग उन्हात. नाहीतर तांदळाची दारू बिघडते, तुआक आंबट होते आणि सगळ्या पडवीत नाक कापलं जातं. तू कोपरापर्यंत हात घालून तो असा घासलास की आईनं आत तोंड घालून वास घेतला आणि काहीच बोलली नाही. आई काही बोलली नाही म्हणजे केवढं कौतुक! जांतिंगदादा पलीकडून ओरडला होता, 'आई, बायको आणलीय मी, मोलकरीण नाही!' आणि तू त्याच्यावर ओली वाळू फेकलीस. पुढं प्रत्येक गवाईच्या सणाला आपल्या खोलीची तुआक प्यायला लोक दोन-दोन वाडगे पुढं करायचे. 'सेंदीनं धुतलेला रांजण' असं त्या तुआकचं नावच पडलं होतं.

त्या गवाईला मी नव्हते. माझ्या नवऱ्याचा पाय करवतीत सापडला म्हणून मी त्याच्याबरोबर सिबूच्या इस्पितळात होते. परत आले तर नदीपलीकडच्या दफनभूमीत दोन नवे उंचवटे, एक जांतिंगदादाचा आणि एक सुबांगकाकूच्या नवऱ्याचा, उंगाटकाकाचा. तू निघून गेलेली. मला जे कळलं ते लोकांच्या तोंडून, आणि लोकांच्या जिभेला हाड नसतं. म्हणे, पाहुणे जास्त म्हणून रांजणाखेरीज एका निळ्या पिंपातही तुआक घातली होती. म्हणे, त्यात पूर्वी मिरीवर फवारायचं औषध होतं आणि सेंदीनं ते नुसतं बुचकळून काढलं. खोलीतल्या कर्त्या पुरुषानं पहिला वाडगा प्यायचा म्हणून दादा प्यायला, आणि त्याच्या पाठोपाठ उंगाटकाका. 'जरा कडू आहे, पण चढतेय छान,' असं काका हसत म्हणाला म्हणे. बाकीचे नाचात गुंतले होते म्हणून वाचले. उजाडेपर्यंत दोघांच्या तोंडाला फेस आला, आणि भर पुरात होडी सोडायला कुणाची छाती झाली नाही.

मग पडवीत बैठक बसली. आई सगळ्यांसमोर म्हणाली, 'मी सुनेला सांगितलं होतं, नीट धू. तिला नाचायची घाई.' आणि तू मान खाली घालून बसलीस. एक शब्द नाही! मला हे कळल्यावर मी स्वतःशीच चिडचिड करायचे, की या बाईनं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? खरं असेल तर कबूल कर, खोटं असेल तर ओरड. तेव्हा मला कळत नव्हतं. ज्या बाईचा पोरगा पुढ्यात आडवा पडलाय तिला खोटारडी म्हणायचं कसं, हे तुला जमलं नाही. आणि तुझाही तो नवराच होता.

तू गेल्यावर आईनं त्या रांजणात पुन्हा तुआक घातली नाही. पण धुवायची मात्र रोज. सकाळी उठली की रांजण पाठीवर बांधून घाटाच्या ओंडक्यांवरून खाली उतरायची, वाळूनं घासायची, वर आणायची, धुरी द्यायची. गुडघे गेले तरी उतरायची. ड्रॅगनचं तोंड झिजून गेलं बघ, आता तो गांडुळासारखा दिसतो. बायका हसायच्या, 'म्हातारीला रांजणाचं वेड लागलं.' मीही वैतागायचे. गेल्या पावसाळ्यात ती घसरून पडली, कपाळातून रक्त, तरी रांजण सोडेना. मी ओरडले, 'आई, पुरे कर! एवढा स्वच्छ झालाय की त्यात बाळंत व्हावं कुणीतरी!' वाटलं, शिव्या घालेल. पण ती तिथंच पाण्यात बसली आणि म्हणाली, 'रांजण स्वच्छच होता गं. वास पिंपाचा जात नाही.' मी म्हटलं, कसलं पिंप? ते तर तेव्हाच जाळलं. तर म्हणते, 'माझ्या नाकात आहे.'

मग सगळं बाहेर आलं. वहिनी, ते पिंप तू आणलंच नव्हतंस. आईनं आणलं, मामाच्या मिरीच्या मळ्यातल्या झोपडीतून. त्या वर्षी सुबांगकाकूच्या खोलीत दोन रांजण भरले होते आणि आईला काही करून तिच्यापेक्षा जास्त तुआक मांडायची होती, एवढीच गोष्ट. पिंप तिनं पहाटे एकटीनं नदीत धुतलं. ते बुडवलं तशी बारकी मासळी पांढरी पोटं वर करून तरंगायला लागली. तिनं ती डोळ्यांनी पाहिली, सेंदी! आणि तिला काय वाटलं माहीत आहे? तिला वाटलं, बरं झालं, विष निघालं. नदीनं नेलं. आपल्याकडं कशाचंही तेच, ताप आला की नदीत सोड, वाईट स्वप्न पडलं की नदीत थुंक, नदी घेऊन जाते. मासे मेले म्हणजे पिंप निर्मळ झालं, असा तिचा हिशेब. प्लॅस्टिक विष पिऊन बसतं आणि मग थेंबाथेंबानं सोडतं, हे तिला कोण सांगणार? ते मलाही सिबूच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, या खेपेला मी मुद्दाम जाऊन विचारलं तेव्हा. त्या म्हणाल्या, असलं पिंप जन्मभर घासलं तरी खाण्यापिण्याला चालत नाही.

आणि पुढचं ऐक. तू आईला विचारलं होतंस, 'आई, यात आधी काय होतं?' आणि आई म्हणाली होती, 'पावसाचं पाणी.' खरं सांगितलं असतं तर तू हातही लावला नसतास, म्हणून. तू तरी बिचारी ते राखेनं, वाळूनं, उकळत्या पाण्यानं, रांजणासारखंच धुतलंस. आई म्हणाली, 'तिचे हात भाजून लाल झाले होते गं. मी बघत होते.' हे सांगितलं आणि लहान पोरासारखी रडली. मी तिला विचारलं, मग आता तरी पेटी उघडतेस का? तिनं मान हलवली. म्हणाली, 'उघडली तर लोक विचारतील का म्हणून. मी मेल्यावर उघड.' अशी होती माझी आई. मरेपर्यंत रांजण धुवत राहिली, पण तुझं नाव धुवायला तिच्यानं तोंड उघडवलं नाही. मला तिची कीव येते आणि त्याच वेळी दातओठ खावेसे वाटतात.

तिला पुरून आल्यावर मी पडवीत सगळ्यांना बसवलं आणि सांगून टाकलं. घरमुख्यानं मान डोलावली, पण तो कुणालाही मान डोलावतो. सुबांगकाकू मात्र उसळली. तिचा तर नवरा गेलेला. म्हणाली, 'वा गं लमीत! मेलेल्या म्हातारीवर ढकललंस, आता ती काय उठून नाही म्हणणार आहे?' कुणी तिची बाजू घेतली, कुणी माझी. पोरीबाळी ओरडायला लागल्या. शेवटी काकूनं डोळे पुसले आणि म्हणाली, 'मला बोलून पटायचं नाही. तिला इथं येऊ दे. घाटावर माझ्या डोळ्यांदेखत भांडं धुवू दे, तुआक घालू दे. मी वास घेईन, मी पिईन, मग मानीन. आणि तिच्यानं यायला झालं नाही, तर मी काय समजायचं ते समजेन.' मला वाटलं होतं काकू तुझी वैरीण. पण वहिनी, इतक्या वर्षांत तुझ्या हातचं पिईन म्हणणारी ती पहिलीच. काल येऊन विचारून गेली, 'पत्र टाकलंस का? तिला सांग, तुआकला माझ्याकडचा चिकट तांदूळ चांगला आहे.'

म्हणून हे लिहिते आहे. आईचं सुतक कापणी झाली की उतरवायचं आहे. त्या दिवशी पेटी उघडून दादाचा पट्टा आणि तुझी अंगठी सगळ्यांसमोर तुझ्या हातात देणार, मग लुयांगला जे सांगायचं ते सांग. पण सुतक तुआकशिवाय उतरत नाही आणि ती तूच घालायची. रांजण मी धुतलेला नाही. आई गेली त्या दिवसापासून तसाच पडवीत उभा आहे, आत कोळ्यांनी जाळी केली, परवा पालही मेलेली सापडली. बायका नाकाला पदर लावतात, म्हणतात, लमीत किती घाणेरडी! म्हणू देत. कुणाला हात लावू देत नाही मी. तू ये, खमिराच्या वड्या तुझ्या तू कर, माझ्या नको, आणि भर सकाळी, सगळं लांबघर घाटावर उभं असताना तो घास. पाणी मी उकळून देईन. काकू दुसरा वाडगा मागणार आहे. पहिला खोलीतल्या कर्त्या माणसानं प्यायचा असतो, आणि आता कर्ती मी आहे. तू भरून देशील तो मी वासही न घेता पिणार आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच नणंद,
लमीत