काचेच्या अलीकडून

प्रिय दादा,

पाकीट बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. एक दिवसाआड फोन करणारी बहीण पत्र कशाला लिहिते, नक्की काहीतरी कुरकुर असणार, असं तू वहिनीला म्हणालाही असशील. आहेच कुरकुर. पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. मी 'आई' एवढंच म्हटलं की तू 'आलं काळजीवाहू सरकार' म्हणतोस, मग आपण दोघं हसतो आणि विषय तिथेच संपतो. बाबांनी ठेवलेलं हे नाव मीही मिरवलंय, नाही कशाला म्हणू? तुझी शाळेची सहल निघाली की तुझ्या पिशवीत मोज्यांचा जादा जोड कोंबणारी, धाकटी असूनही, मीच होते. तेव्हा यावेळी तरी शेवटपर्यंत वाच. हवं तर चहा घेऊन बस.

आईचं तिकीट काढल्याचं तू कळवलंस. तुमच्या शहरातल्या त्या कलासंस्थेने तिला बोलावलंय, राहायला खोली देणार आहेत, महिनाभर तिने तिथले रस्ते हिंडायचे आणि चित्रं काढायची. पुढच्या आठवड्यात ती एकटी निघणार, वाटेत त्या मोठ्या स्टेशनवर गाडी बदलणार, आणि तू कामाच्या दौऱ्यावरून परतेपर्यंत संस्थेतच राहणार. बाबा गेल्यापासून तिला इतकी खूश मी पाहिलेली नाही. सकाळी फोन केला तर गाणं गुणगुणत उचलते. आणि हे सगळं झालं आमच्या कार्यक्रमामुळे, म्हणजे माझ्यामुळे. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी मात्र त्या दिवसापासून हे पत्र मनातल्या मनात लिहितेय.

आमचा रेडिओवरचा कार्यक्रम तू आईचा भाग सोडून कधी ऐकलेला नाहीस, मला माहीत आहे, खोटं बोलू नकोस. शहरातल्या कलावंतांना बोलवायचं आणि शहराबद्दल बोलतं करायचं, एवढंच ते. बोलणारा निवेदक वेगळा. मी स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे, कानांवर हेडफोन लावून बसलेली. मजा येते, खरं सांगते. एक शिल्पकार आला होता, म्हणाला, इतकी वर्षं चौकाचौकात पुतळे उभे केले, पण माझ्या कामाकडे नियमित लक्ष देणारं या शहरात कबुतराशिवाय कुणी नाही. एक कवयित्री शांतता हवी म्हणून गावाबाहेर राहायला गेली आणि तिथे तिला एक ओळ सुचेना. वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणारं कुणी नाही म्हटल्यावर रागवायचं कुणावर आणि लिहायचं कशावर? आली परत. एक नर्तकी तर म्हणाली की ताल मी गुरूकडे शिकले, पण अंग चोरायला गर्दीने शिकवलं. अशी माणसं बोलून गेली की दिवसभर मी एकटीच हसत असते.

पण ही माणसं खरोखर बोलतात तशी ऐकवली, तर कुणी दोन मिनिटं ऐकणार नाही. शिल्पकार दर चार शब्दांनी 'म्हणजे' म्हणतो. कवयित्री एका वाक्यात शिरते आणि बाहेर यायची वाट विसरते. खोकले, उसासे, 'काय बरं म्हणत होते मी', सगळं मी कापते. प्रत्येक मुलाखतीआधी रिकाम्या खोलीची थोडी शांतता मी वेगळी रेकॉर्ड करून ठेवते, आणि कापलेल्या जागी तिचं ठिगळ लावते. ठिगळ कुणाला कळता कामा नये, हीच कारागिरी. निवेदक म्हणतो, तुझी कात्री म्हणजे ब्यूटी पार्लर आहे, आत जातो एक माणूस आणि बाहेर येतो भलताच. पाहुणे स्वतःचा आवाज ऐकून चकित होतात. आपण इतकं छान बोलतो हे त्यांना ठाऊकच नसतं.

आईला बोलवायची कल्पना निवेदकाची. दर आठवड्याला वर्तमानपत्रात शहराचा एक कोपरा काढणारी बाई याच शहरात राहते आणि ती तुझी आई आहे, हे तू आजवर सांगितलं का नाहीस, म्हणून तो माझ्यावर डाफरला. मी टाळत होते. का, ते तुला सांगितलं होतं, पण तू ऐकलं नाहीस. मुलाखतीच्या दोन दिवस आधी आईच्या गल्लीजवळच्या औषधाच्या दुकानातून फोन आला, की तुमच्या आई बाहेरच्या बाकावर केव्हाच्या चित्र काढत बसल्यात, आत बोलावलं तर येत नाहीत, ऊन वाढलंय. मी धावत गेले. मांडीवरच्या कागदावर दुकान हुबेहूब उतरलं होतं, पाटीवरच्या गंजासकट. मला बघून म्हणाली, बरं झालं आलीस, चल घरी. माझा कोपर धरून चालत होती, आणि प्रत्येक वळणावर एक पाऊल मागे राहत होती. मी वळले की मग ती वळायची. दुकान ते घर, दादा, जिथून आपण लहानपणी डोळे मिटून पळत यायचो. मी तुला त्याच संध्याकाळी फोन केला. तू म्हणालास, चित्रकार बाई चित्र काढत बसली, यात नवल ते काय?

आणि ही तीच बाई, जी आपल्याला घेऊन मुद्दाम अनोळखी बसमध्ये चढायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरायची. आठवतं ना? मी भोकाड पसरायचे आणि तू शांतपणे केळं खायचास. मग ती म्हणायची, रडतेस कशाला, शहर काही आपल्याला खात नाही. आणि कुणालाही न विचारता, गल्लीबोळांतून, एखाद्या भिंतीपाशी थांबत, एखादा जिना कागदावर उतरवत, दिवेलागणीच्या आत घरी आणायची. मला तेव्हा वाटायचं की रस्ते आईला ओळखतात.

मुलाखतीत निवेदकाने तिला हेच विचारलं, की इतकी वर्षं हे शहर हिंडताना तुम्ही कधी हरवला नाहीत का. आणि तिने ते वाक्य म्हटलं, जे आता सगळीकडे फिरतंय. "रस्ता चुकला की मी घाबरत नाही. बसते आणि समोर जे आहे ते काढायला लागते. काढता काढता रस्ता आठवतो." काय वाक्य आहे! लोकांनी ते एकमेकांना पाठवलं, कुणी स्वतःच्या फोटोखाली लिहिलं, तुमच्या शहरातल्या त्या संस्थेच्या संचालिकेने तर त्याच वाक्यावरून तिला बोलावलं. सगळ्यांना ते जगण्याबद्दलचं काहीतरी खोल वाटलं. ते औषधाच्या दुकानासमोरच्या बाकाबद्दल होतं, हे फक्त मला माहीत होतं. त्या वाक्यानंतर आई जरा थांबली होती आणि म्हणाली होती, "परवा मात्र नाही आठवला." ते मी कापलं. चांगलं वाक्य संपलं की मागचं शेपूट छाटायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. हात आपोआप चालला, असं मी स्वतःला सांगितलं. पण आपोआप नव्हता चालला. मलाही ती तशीच हवी होती, न अडखळणारी. घरात जी मिळत नव्हती ती आई मला तिथे, संगणकाच्या पडद्यावरच्या आवाजाच्या रेघांमधून, जुळवून काढता आली. एका बैठकीत सगळं काम संपवलं मी, पाणी प्यायलासुद्धा उठले नाही.

मग तुझा फोन आला. "काय खणखणीत बोलते गं आई! एकदासुद्धा अडखळली नाही. आणि तू म्हणत होतीस डॉक्टर, म्हणत होतीस माझ्याकडे राहायला आणते." तुला सांगायला लाज वाटते, पण मला आधी आनंद झाला. ठिगळ कळलं नाही, याचा. मग हळूहळू लक्षात आलं की तुझ्यासमोर मी इतके दिवस जे मांडायला धडपडत होते, त्याचा पुरावा मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलाय, आणि वर त्याला सगळ्यांकडून शाबासकी मिळवलीय. आता मी काहीही म्हटलं तरी तू ती मुलाखत पुढे करशील. लांडगा आला रे म्हणत ओरडणारीने लांडग्यालाच नटवून थटवून दारात उभं केलं, म्हण ना.

आईला मी सांगून बघितलं. म्हटलं, मी येते सोबत, तुला सोडते आणि परतते. चिडली. म्हणाली, लोकांनी मला बोलावलंय ते मी एकटी हिंडते म्हणून, तुझ्या बोटाला धरून गेले तर काय काढू? डॉक्टरांकडे एकदा नेलं होतं, तर तिथे त्यांचंच चित्र काढून त्यांना गार केलं. पुढच्या तपासणीला यायचं नाव काढत नाही. काल गेले तर बॅग भरत होती. भरलेली होती, ती उपसून परत भरत होती. आत चष्म्याची सगळी घरं होती, चष्मा एकात नव्हता. मी चष्मा शोधून ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. तिला कळतंय, दादा, निदान कधीकधी तरी नक्की कळतंय. मग वाटतं, तिला हे माहीत असून जायचंय, तर अडवणारी मी कोण? आणि मग ते स्टेशन डोळ्यांसमोर येतं, तो लांबलचक पूल, एकामागून एक फलाट, आणि मधल्या बाकावर शांतपणे चित्र काढत बसलेली आई, जिची गाडी कधीच निघून गेलीय. येणारेजाणारे कौतुकाने थांबतील, फोटो काढतील, कुणाला शंकासुद्धा येणार नाही. कधी वाटतं मी उगाच घाबरतेय, म्हातारपणी कोण विसरत नाही? असं दिवसभर माझं हो-नाही चालू असतं. परवा शिल्पकाराच्या नव्या मुलाखतीतला एक 'म्हणजे'सुद्धा मला कापवेना. निवेदकाला वाटलं यंत्र बिघडलंय.

पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात आईची अख्खी मुलाखत आहे, एक खोकलासुद्धा न कापलेली. तुझ्या खोलीत एकटा बसून ऐक, आणि शांतता आली की पुढे ढकलू नकोस, तीच ऐकायची आहे. मधे एकदा ती पाणी पिते. ग्लास ठेवल्याचा आवाज येईल, मग बराच वेळ काही नाही, आणि मग ती निवेदकाला हळूच विचारते, "ती काचेपलीकडची बाई कोण हो? मघापासून माझ्याकडे बघतेय. ओळखीची वाटते." निवेदकाला वाटलं थट्टा करतायत, तो मोठ्याने हसला. मग आईही हसली, चारचौघांत आपल्याला न कळलेल्या विनोदावर हसतो तशी. मी काचेतून हात हलवला. तिनेही हलवला, अगदी सौजन्याने. बाहेर आल्यावर मात्र माझ्या गालाला हात लावून म्हणाली, दमलीस का गं. म्हणून मी ठरवून टाकलं की काचेवर दिव्याचा उजेड पडला असेल, हेडफोनमध्ये मी ओळखू आले नसेन. आणि सगळ्यांत आधी तेवढाच तुकडा कापून तिथे रिकाम्या खोलीची शांतता लावली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि फोनवर तुला सांगताही आलं नसतं. तिकीट रद्द कर, असं मी म्हणत नाही. तिला जायचंय, जाऊ दे. पण दौरा पुढे ढकल आणि तिला न्यायला स्वतः ये, गाडीत तिच्या शेजारी बस, आणि तिथे ती रस्त्यात बसून चित्र काढायला लागली की तू बाजूला थांब, केळं खात का होईना. पत्र मिळाल्या मिळाल्या निघ. दार आईच उघडेल. जोवर तुला बघून ती 'आलास का रे' म्हणेल, तोवर ये.

तुझीच,
यावेळी खरोखरच काळजीवाहू